सॉलिड मॉडेलिंग येतं, आता कॅडमध्येच लेन्सचे किरण तपासायचेत, सुरुवात कुठून करू?

फ्रीकॅड हे कॅडचं, म्हणजे संगणकावर वस्तूंचे आराखडे काढायचं सॉफ्टवेअर घ्या आणि त्याच्या ॲडऑन मॅनेजरमधून ऑप्टिक्स वर्कबेंच हा प्रकाशकिरण दाखवणारा जोडभाग टाका, फुकट आहे. गोव्यात वेर्ण्याला आम्ही दिव्यांची फिक्स्चर्स करतो, तिथे मी हेच वापरतो. पहिल्यांदा एका बाजूने सपाट, दुसरीकडे 50 मिमी त्रिज्या अशी पातळ लेन्स काढा, तिला ऑप्टिकल लेन्स करा, अपवर्तनांक (काच प्रकाश किती वाकवते तो आकडा) 1.517 द्या म्हणजे बीके7 काच झाली, मग समांतर बीम सोडा, किरण साधारण 97 मिमीवर जमले तर सगळं बरोबर कारण त्रिज्या भागिले (अपवर्तनांक वजा 1), म्हणजे 50 भागिले 0.517, तेवढंच येतं. कडेचे किरण थोडे अलीकडे जमतील, घाबरू नका, गोल पृष्ठभागाचा तो दोषच आहे. फक्त हे किरण दाखवतं हां, लेन्सचा आकार आपोआप सुधारून देत नाही, त्याला झीमॅक्ससारखं लेन्स डिझाइनचं वेगळं सॉफ्टवेअर लागतंच.