अण्वस्त्रांविरुद्धचा चेक कुणी लिहायचा, कुणाच्या नावानं?

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही एडिसनला राहतो, मी गेल्या वर्षी सिटिझन झालो, बायकोचं ग्रीन कार्ड आहे आणि मेव्हणा एच-वनवर आमच्याकडेच असतो. ५ फेब्रुवारी २०२६ला अमेरिका-रशियाचा अण्वस्त्रांवर मर्यादा घालणारा न्यू स्टार्ट करार संपला तेव्हापासून रोज जेवताना हाच विषय. तिघांनी मिळून हजार डॉलर बाजूला काढलेत. ऑफिसातला एकजण म्हणाला फक्त अण्वस्त्रं कमी करण्यासाठी काम करणारी पॅक (म्हणजे लोकांकडून पैसे गोळा करून निवडणुकीतल्या उमेदवारांना देणारी समिती) असते, तिला द्या. पण एवढ्याशा पैशानं काय होणार, आणि तिघांचे मिळून माझ्या एका चेकनं पाठवले तर चालेल का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर: आधी मेव्हण्याचे पैसे त्याला परत द्या, बाकीचं नंतर. अमेरिकेतल्या कुठल्याही निवडणुकीला, अगदी गावच्या काउन्सिलला सुद्धा, पैसे फक्त सिटिझन आणि ग्रीन कार्डवालेच देऊ शकतात, एच-वन असो की स्टुडंट व्हिसा, त्यांना एक डॉलरही देता येत नाही. आणि त्याचे पैसे तुमच्या नावावर घालून पाठवणं हा तर वेगळा गुन्हा आहे, दुसऱ्याच्या पैशाचं दान आपल्या नावानं केलं म्हणून इथे लोकांवर खटले झालेत. आपल्याकडे घरातले पैसे सगळ्यांचेच असतात त्यामुळे हे कुणाच्या लक्षातच येत नाही, म्हणून इतकं खडसावून सांगतेय. बायको देऊ शकते, पण तिचा चेक वेगळा, जॉइंट अकाउंट असेल तर सही तिची.

आता एवढ्याशा पैशानं काय होतं ते. लिओ झिलार्ड या शास्त्रज्ञाचं नाव ऐकलंय का? १९३९ साली आइनस्टाइनच्या सहीनं रूझवेल्टना अणुबॉम्बबद्दल जे पत्र गेलं ते लिहिण्यात हाच माणूस पुढे होता, आणि १९४५च्या जुलैत जपानवर बॉम्ब टाकू नका म्हणून शास्त्रज्ञांच्या सह्या गोळा करणाराही हाच. १९६२ला त्यानं अण्वस्त्रांच्या विरोधात काउन्सिल फॉर अ लिव्हेबल वर्ल्ड ही संस्था काढली. त्याचा हिशोब मला आजही पटतो: साउथ डकोटासारख्या छोट्या राज्यात निवडणूक स्वस्तात होते, पण तिथल्या सिनेटरच्या मताची किंमत न्यूयॉर्कच्या सिनेटरएवढीच. त्या वर्षी त्यांनी साउथ डकोटाच्या जॉर्ज मॅकगव्हर्नना मदत केली आणि ते निवडून आले किती मतांनी, तर ५९७! पुढच्याच वर्षी अणुचाचण्यांवर मर्यादा घालणारा करार सिनेटमध्ये ८० विरुद्ध १९नं मंजूर झाला. करार मंजूर व्हायला दोन तृतीयांश मतं लागतात ना, म्हणून एकेक सिनेटर मोलाचा. न्यू स्टार्टलाही २०१०च्या डिसेंबरात ७१ विरुद्ध २६ मतं पडली होती, म्हणजे अजून सातजण फिरले असते तर तो झालाच नसता.

देण्याच्या दोन पद्धती आहेत. एक म्हणजे सरळ पॅकच्या नावानं चेक, माणशी वर्षाला ५००० डॉलरपर्यंत, मग कुणाला द्यायचे ते पॅक ठरवते, आणि मोठ्या पॅकलाही एका उमेदवाराला एका निवडणुकीत ५०००च देता येतात (प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी आधीची निवडणूक, वेगळी धरतात). दुसरी मला जास्त आवडते. पॅक तुम्हाला चार-पाच उमेदवार सुचवते, तुम्ही चेक त्या उमेदवाराच्या कमिटीच्या नावानं लिहिता आणि पॅकच्या पत्त्यावर पाठवता, पॅक तो पुढे पोचवते. तो पैसा तुमच्या लिमिटमध्ये मोजला जातो, २०२५-२६ला एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी ३५०० डॉलर, आणि उमेदवाराच्या हातात एकाच विषयासाठी आलेला चेकचा गठ्ठा पडतो, हे लोक कशासाठी देतायत हे त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

पण पॅक निवडताना नुसत्या नावावर जाऊ नका. मी एकदा जागतिक शांततेचं काहीतरी सुंदर नाव बघून दीडशे डॉलर पाठवले, फार भारावून गेले होते, नंतर फेडरल इलेक्शन कमिशनच्या साइटवर त्यांचा हिशोब उघडला तर टपाल, छपाई, कन्सल्टंट, पुन्हा टपाल, पानच्या पानं तेच, आणि उमेदवारांना गेलेली रक्कम शोधायला मला बोटानं ओळ न् ओळ खाली जावं लागलं. खूप वाईट वाटलं, पैशापेक्षा जास्त त्या विषयासाठी. तेव्हापासून आधी तो हिशोब बघते मगच चेकबुक काढते, तुम्हीही बघा, फुकट आहे आणि सगळ्यांना खुला आहे.

फॉर्मवर नोकरी आणि कंपनीचं नाव विचारतील, खरं लिहा. वर्षाला एका पॅकला २००च्या वर दिलेत की नाव, पत्ता, नोकरी त्याच साइटवर सगळ्यांना दिसतं, हे बायकोलाही आधीच सांगून ठेवा. चेक स्वतःच्या खात्याचा हवा, कंपनीच्या खात्याचा चालत नाही, आणि टॅक्समध्ये यातलं काहीही वजा होत नाही, देवळाच्या किंवा मंडळाच्या देणगीसारखं हे नाही.

मेव्हण्याला मात्र वाईट वाटून देऊ नका. पगार न घेता प्रचाराचं काम करायला त्याला कायद्यानं मोकळीक आहे, फोन करणं, पाकिटं भरणं, दारोदार फिरणं. रोज जेवताना एवढं पोटतिडकीनं बोलतो तर आठवड्यातनं एक संध्याकाळ त्याला फोनवर बसवा, ऐकणारे लोक ऐकतात हो.