आणीबाणीतल्या तुरुंगावर पहिली कथा लिहितोयस ना, मग आधी एवढं बघ

विषय भारी घेतलायस, सोडू नकोस. फक्त मारहाणीच्या सीनने सुरुवात नको, नवीन लिहिणारे बहुतेक तेच करतात आणि दोन पानांत वाचणारा बधिर होतो.

आधी कायदा समजून घे. २५ जून १९७५ नंतर मिसाखाली (खटल्याशिवाय माणसाला डांबून ठेवता येणारा कायदा) आत गेलेले लोक आरोपी नव्हते, स्थानबद्ध होते, म्हणजे २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर नेणं नाही, चार्जशीट नाही, का पकडलं ते सांगायचंही बंधन नाही आणि एप्रिल १९७६ मध्ये तर सुप्रीम कोर्टानेच हेबियस कॉर्पसचा, म्हणजे बेकायदा डांबलेल्याला कोर्टातून सोडवायच्या अर्जाचा, दरवाजा बंद केला. त्यामुळे वकील भाषण ठोकून हिरोला सोडवतो तो सीन काढच. सुटकेची तारीखच नसणं हा केवढा मोठा छळ आहे बघ, आणि तो दाखवायला रक्ताचा एक थेंब लागत नाही.

अजून दोन चुका:
- पोलिस लॉकअप आणि जेल एकच समजणं. चौकशीतली मारहाण बहुतेक लॉकअपमधली. जेलमधला त्रास वेगळा, मुलाखत म्हणजे घरच्यांची भेट नाकारणं, सेन्सॉर होऊन आलेलं पत्र, आजारी माणसाला ताटकळत ठेवणं.
- जेलरला राक्षस करणं. तो घरी पोरांचा अभ्यास घेणारा साधा माणूस असू दे, वरून कागद आला की सही करणारा. मला तोच जास्त भीतीदायक वाटतो.

फ्लॅशबॅक वगैरे नंतर बघू. आत्ता येरवड्याची एक बराक, एक कैदी, फाटकाबाहेर डबा घेऊन उभी त्याची बायको, एवढ्यावर दोन पानं लिही आणि मला दाखव.