वाचकांचे प्रश्न : पॉर्पॉइज चरतो कुठे?

प्रश्न : हार्बर पॉर्पॉइजच्या ‘महत्त्वाच्या अधिवासां’च्या नकाशात ठरावीक पट्टेच का रंगवलेले असतात? समुद्र तर सगळीकडे सारखाच. (हरिपूर, जि. सांगली)

वरून सारखा. हार्बर पॉर्पॉइज म्हणजे डॉल्फिनचा नातलग, समुद्रातला छोटा सस्तन प्राणी; तो माशांमागे जातो आणि मासे ठरावीक जागीच साचतात. आपल्याच गावच्या संगमावर पावसाळ्यात पाहा. कृष्णा आणि वारणेचे पाणी भेटते तिथे फेस, पाने, काटक्या यांची एक रेघ धरते. समुद्रातही भरतीचे पाणी बेटाला किंवा खडकाला घासून गेले की अशी रेघ आणि भोवरे तयार होतात. त्यात प्लवक म्हणजे पाण्याबरोबर वाहणारे बारीक जीव साचतात, त्यांच्यामागे हेरिंगसारखे मासे आणि माशांमागे पॉर्पॉइज. कॅनडाच्या फंडी उपसागरात ग्रँड मनान बेटाच्या आडोशाला ते भरतीच्या वेळी जास्त दिसतात. म्हणजे जागेइतकीच वेळही पाहायला हवी.

दुसरे कुरण वाळूचे. डॉगर बँक हा ब्रिटनच्या पूर्वेकडच्या उत्तर समुद्रातला उथळ, वाळूचा उंचवटा. तिथला सँडईल हा वीतभर, तेलकट मासा भरड वाळूत स्वतःला पुरून घेतो. वाळूत गाळ वाढला की तो तिथे टिकत नाही. २०२४ मध्ये ब्रिटनने उत्तर समुद्राच्या इंग्लंडकडच्या भागात आणि स्कॉटलंडच्या सगळ्या पाण्यात सँडईलची मासेमारी बंद केली, ती समुद्रपक्षी आणि अशा सस्तन प्राण्यांच्या पोटासाठीच.

एवढी काळजी का, तर हा प्राणी साधारण दीड मीटर लांब आणि ५०-६० किलोचा. थंड पाण्यात अंगातली उष्णता भराभर जाते, चरबीचा साठा तुटपुंजा. डेन्मार्कजवळ टॅग म्हणजे नोंदी घेणारे छोटे उपकरण लावलेले काही पॉर्पॉइज तासाला ५५० पर्यंत मासे धरण्याचा प्रयत्न करत होते, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. बहुतेक मासे ३ ते १० सेंमीचे. समुद्रात पवनचक्क्यांचे खांब ठोकण्याच्या आवाजाने अशा प्राण्याला कुरणावरून उठवले, तर थोड्या दिवसांचा उपासही महागात पडतो.

नकाशावर मात्र आंधळा विश्वास नको. १९९४ आणि २००५ च्या मोठ्या गणनांत उत्तर समुद्रातली पॉर्पॉइजची एकूण संख्या जवळपास तेवढीच भरली, पण मुख्य वस्ती उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकलेली होती. बहुधा मासे सरकले म्हणून. ब्रिटनने २०१९ मध्ये घोषित केलेले उत्तर समुद्राच्या दक्षिण भागातले पॉर्पॉइजचे संरक्षित क्षेत्र ३६,९५१ चौ. किमी आहे, म्हणजे सातारा जिल्ह्याच्या साडेतीन पट. आणि त्यातही उन्हाळ्याचा भाग वेगळा, हिवाळ्याचा वेगळा.

प्रश्न : पाण्याखालच्या मायक्रोफोनवरून तो तिथे चरतो की नुसता जातोय, हे कळते का? आमच्या रेकॉर्डरवर काहीच आले नाही. (कराड)

येणारच नव्हते. पॉर्पॉइज ‘क्लिक’ असे तुटक आवाज सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून मासे शोधतो. ही क्लिक साधारण १३० किलोहर्ट्झची. ४४.१ किलोहर्ट्झने नमुने घेणारा रेकॉर्डर जेमतेम २२ किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. इथे निदान ३०० किलोहर्ट्झचा नमुना-दर हवा आणि मायक्रोफोनही तेवढ्या पल्ल्याचा. ध्वनिमुद्रण चालू असताना होडीचा फिश-फाइंडर (आवाज सोडून मासे शोधणारे यंत्र) बंद ठेवा, त्याच्या ठोक्यांनी फाइल भरून जाते.

चराईची खूण क्लिकमधल्या अंतरात असते. शोध घेताना दोन क्लिकमध्ये दहांच्या पटीत मिलिसेकंद जातात; मासा तोंडाशी आला की हे अंतर दोन-चार मिलिसेकंदांवर येते आणि क्लिकची सलग भुणभुण होते. अशी भुणभुण वारंवार मिळाली तर ते कुरण, नाहीतर ती नुसती वाट. उपकरणाला काहीशे मीटरपलीकडचे ऐकू येत नाही. एका जागची शांतता म्हणजे प्राणीच नाही, असा निष्कर्ष काढू नका.

प्रश्न : आपल्या कोकणात हा दिसेल का? (पाटण, जि. सातारा)

हार्बर पॉर्पॉइज नाही, तो उत्तर गोलार्धातल्या थंड पाण्यातला. आपल्याकडे त्याचा नातलग आहे : पाठीवर पर नसलेला फिनलेस पॉर्पॉइज. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात आणि खाड्यांच्या तोंडाशी राहतो. छोटे मासे, कोळंबी, माकूल खातो. कोयनेचे पाणी पोफळीहून वाशिष्ठीत आणि दाभोळच्या खाडीतून समुद्रात जाते, तेव्हा पाटणचा पाऊस अशाच पाण्यात पोचतो म्हणा ना!

कुंभार्ली घाट उतरून जायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा आणि सकाळी खारा वारा सुटण्याआधी उंच कड्यावर बसा. लाटांवर पांढरे तुरे दिसू लागले की उठा. पर नसलेली करडी पाठ त्यात सापडत नाही. दुर्बीण ७ किंवा ८ पट पुरे, त्याहून जास्त पटीची हातात हलते. लाजाळू प्राणी आहे, होडीपुढे उड्या मारत नाही. उड्या मारणारा दिसला तर तो डॉल्फिन.

प्रश्न : किनाऱ्यावर जिवंत सापडला तर? (तासगाव)

शेपटीला धरून ओढू नका आणि लगेच पाण्यात ढकलू नका. थकलेला प्राणी बुडतो किंवा परत वाळूवर येतो. पालथा म्हणजे पोटावर ठेवा, छातीजवळच्या दोन्ही वल्ह्यांसारख्या परांखाली वाळू उकरून खड्डे करा, सावली करा. अंगावर ओले फडके घाला, पण डोक्यावरचे श्वासाचे छिद्र उघडे ठेवा आणि त्यात पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नका. गर्दी आणि कुत्री लांब ठेवा. वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर फोन करा. मेलेला असला तरी कळवा. लांबी मोजायची तर वरच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत सरळ रेषेत, पाठीच्या बाकावरून टेप फिरवून नव्हे.