बसमधली नक्कल आणि ओस पडलेली संध्याकाळ

प्रश्न : गेल्या जूनमध्ये आम्ही साताऱ्याजवळच्या गावाहून ऐरोलीला राहायला आलो. मुलगा नऊ वर्षांचा असून चौथीत आहे. त्याच्या बोलण्यातील गावाकडच्या हेलाची शाळेच्या बसमधील तीन-चार मुले रोज नक्कल करतात. एकदा वर्गात सरांनीही ती केली आणि सारी मुले हसली. आता तो सोसायटीच्या आवारातही खेळायला उतरत नाही. त्याचे बाबा म्हणतात, ‘एक ठेवून दे’. मी म्हणते, ‘लक्ष देऊ नकोस’. आम्ही त्याला नेमके काय शिकवावे? – एक आई, ऐरोली

उत्तर : तुमचे दोघांचे सल्ले परस्परविरुद्ध असले, तरी दोन्हींत सगळा भार मुलावरच पडतो. नॉर्वेत या विषयाचा पायाभूत अभ्यास करणारे डॅन ओल्वेयस यांनी छळ ओळखण्याच्या तीन खुणा सांगितल्या : दुखावण्याचा हेतू, वारंवारता आणि बळातील तफावत. चौघे मिळून एकाला रोज रडकुंडीला आणत असतील, तर ती थट्टा उरत नाही आणि ती थांबवणे हे मोठ्यांचे काम ठरते. कधी, कुठे, काय घडले ते लिहून मुख्याध्यापकांना द्या आणि नक्कल करणाऱ्यांना बसमधील मदतनीस ताईंजवळ बसवण्याची विनंती करा; जागा तुमच्या मुलाची बदलली, तर शिक्षा त्यालाच झाल्यासारखे होईल. सरांशी मात्र मुलाला सोबत न नेता, शांतपणे बोला. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 नुसार शाळेत मुलाला मानसिक त्रास देण्यास मनाई आहे, याची आठवण करून देण्याची वेळ बहुधा येणार नाही.

मुलाला शिकवण्याजोगे जे आहे, ते सोसायटीच्या आवारात अधिक चांगले शिकता येईल. रंगात आलेल्या खेळात शिरताना ‘मला घ्या ना’ अशी विनवणी करणाऱ्या किंवा आल्याआल्या नियम बदलू पाहणाऱ्या मुलाला नकार मिळण्याचीच शक्यता जास्त. थोडा वेळ कडेला उभे राहून, खेळ समजून घेऊन, लांब गेलेला चेंडू आणून देत हळूहळू सामील होणारे मूल सहज सामावले जाते. तेही जड वाटत असेल, तर शनिवारी एकाच मुलाला घरी कॅरम खेळायला बोलवा, आणि रंग चढलेला असतानाच, तासाभरात, डाव आवरता घ्या, म्हणजे पुन्हा येण्याची ओढ राहते. एक जरी मित्र बाजूला बसू लागला, तरी बसमधील चित्र पालटू शकते.

चिडवणाऱ्याला द्यायचे उत्तर छोटे असावे : ‘मी असाच बोलतो,’ एवढे म्हणून तोंड फिरवायचे. बाबांनी चिडवणाऱ्याची भूमिका घेऊन घरी त्याची तालीम करून घ्यावी. ‘ठेवून देण्या’पेक्षा हे त्यांना अधिक जमेल, असे वाटते. त्याची भाषा मात्र घरात सुधारत बसू नका. घणसोली-कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतींत साताऱ्या-सांगलीकडची कितीतरी कुटुंबे आहेत. त्याचा हेल नवी मुंबईला परका नाही.

दाराशीच ‘आज कोणी चिडवले का?’ असे विचारणे थांबवा आणि ‘आज कोणाशेजारी बसलास?’ असे विचारून पाहा. शाळेच्या दिवशीच सकाळी पोट दुखू लागले, झोप किंवा भूक दोन-तीन आठवडे बिघडलेली राहिली, तर त्याला नाटक न समजता बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि गरजेनुसार समुपदेशकांची मदत घ्या.