परदेशी निघण्याआधी स्पेलिंग बघ

बाळा, आधी एकच ठरव: पदवी, जन्मदाखला असे कागद कोणत्या देशात दाखवायचे आहेत? तो देश हेग करारात, म्हणजे एकमेकांच्या सरकारी कागदांवरचा शिक्का मानायच्या देशादेशांतल्या करारात, असेल तर अपोस्टिल पुरतं; अपोस्टिल म्हणजे कागदावरची सही खरी असल्याचा परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. भारतात ते 2005 पासून चालू आहे. कॅनडाही जानेवारी 2024 पासून त्यात आलाय. करारात नसलेल्या कतार-कुवेतला निघालास तर परराष्ट्र मंत्रालयाच्या शिक्क्यानंतर त्या देशाच्या वकिलातीचाही शिक्का लागतो. 'अपोस्टिल करून घेतलं की जगभर चालतं' असं कुणी म्हटलं तर ऐकू नकोस.

शिक्का मारणारे कागदावरची सही खरी आहे का एवढंच बघतात. आतली चूक ते दुरुस्त करत नाहीत. म्हणून सगळ्यात जास्त वेळ नावाच्या स्पेलिंगला दे. आपल्या सोलापुरात तेलुगू आडनावं किती! शाळेच्या दाखल्यावर एक, पासपोर्टवर दुसरं, बापाचं नाव तिसऱ्याच तऱ्हेनं. माझ्या लेकीच्या जन्मदाखल्यात एक अक्षर जास्त होतं, तेवढ्यासाठी सगळं पहिल्यापासून करावं लागलं. जीव टांगणीला लागला होता रे. दाखला हातानं लिहिलेला जुना असेल तर महापालिकेतून नवा काढ. आणि लॅमिनेशन मुळीच करू नकोस.

पदवी, जन्मदाखला यांची पडताळणी आधी राज्य शासनाकडे, मग परराष्ट्र मंत्रालयाकडे. परराष्ट्र मंत्रालय थेट आपल्या हातून कागद घेत नाही, त्यांनी नेमलेल्या एजन्सीकडेच द्यायचे. अपोस्टिलची सरकारी फी कागदामागे फक्त 50 रुपये, एजन्सीचा आकार वेगळा. दलालानं हजारो सांगितले तर पावतीवर फोड करून माग.

कागद द्यायला मुंबईला स्वतः जाणार असशील तर रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धर. मूळ कागद उशाशी ठेव, स्कॅन घरी.