4007 व्होल्टेजनं नाही, उष्णतेनं मरतोय

दादा, मागाच्या पॅनेलमधल्या तुमच्या 24 व्होल्ट सप्लायचं वाचलं आणि दुखणं लगेच ओळखलं. एसीचं डीसी करणाऱ्या ब्रिजमधले चार 4004 डायोड उडाले, दुकानदार म्हणाला म्हणून चार 4007 टाकले, तेही उन्हाळा लागताच शॉर्ट. लोड दीड अँपिअर, कॅपॅसिटर 4700 मायक्रोफॅरड, आणि टेबलावर ठेवलं की दिवसभर ठणठणीत चालतं. त्यावर इथं काहींनी लाइटचं व्होल्टेज स्थिर ठेवणारा स्टॅबिलायझर सुचवलाय. तो तेवढा घेऊ नका, का ते सांगतो. ब्रिज कसा चालतो, डायोडवरची पट्टी कुठल्या बाजूला, हे तुम्हाला येतंच. ते सोडून देतो.

4004 आणि 4007 यांच्यात फरक उलट्या व्होल्टेजचा. एक 400 व्होल्टचा, दुसरा 1000 चा. करंट दोघांचा तोच 1 अँपिअर, सर्ज, म्हणजे क्षणभर सोसायचा झटका, तोही तोच 30. तुमच्या ब्रिजमध्ये एकेका डायोडवर उलटं व्होल्टेज येतं सुमारे 34, म्हणजे 24 व्होल्ट एसीचं शिखर. तिथं 100 व्होल्टचा 4002 सुद्धा पुरला असता. कॉन्टॅक्टरची (मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचची) कॉइल बंद होताना येणारे झटके मी अगदीच धरत नाही असं नाही, पण ते काय उन्हाळा बघून येत नाहीत.

आता स्टॅबिलायझर. मी शिरोलीला एका फाउंड्रीत मेंटेनन्स बघायचो तेव्हा कोअर ओव्हनशेजारच्या पॅनेलमध्ये असंच एक सप्लाय कार्ड होतं. कार्ड बनवणाऱ्यांचं नाव घेत नाही. त्यांनी सगळं काळ्या इपॉक्सीत बुडवलेलं, उघडलं की वॉरंटी गेली. कार्ड गेलं की सर्व्हिस ऑफिसला फोन, आणि उत्तर ठरलेलं: "तुमच्याकडची लाइट खराब आहे." रीडिंग पाठवली तर म्हणे रात्रपाळीची पाठवा. तीही पाठवली तर म्हणे स्टॅबिलायझरचं बिल जोडा, मग क्लेम बघू. मालकांनी वैतागून स्टॅबिलायझर घेतला. कार्ड पुन्हा गेलं. मग म्हणे अर्थिंगचा रिपोर्ट लागेल. कार्डाशेजारी तापमान किती, हा एक प्रश्न त्या ऑफिसातल्या कुणी विचारला नाही, आणि मी सांगायला गेलो तर त्यांच्या फॉर्ममध्ये तो रकानाच नव्हता! दर वेळी मशीन बंद, दर वेळी नवीन कार्डाचे पैसे. शेवटी मेलेलं कार्ड फोडलं तेव्हा आत काय, तर चार 4007 बोर्डाला चिकटवून एकमेकांना खेटून बसवलेले, खालचा ट्रॅक दोऱ्याएवढा बारीक, आणि वर इपॉक्सीचं पांघरूण. स्टॅबिलायझर तिथं काय करणार? डायोडमधला करंट लोड ठरवतो.

तुमचा हिशोब मांडू. ब्रिजमध्ये प्रत्येक डायोडला सरासरी निम्मा करंट, म्हणजे 0.75. "1 चा डायोड, 0.75 चा लोड, मग काय अडचण?" असं कुणीही म्हणेल. पण डेटाशीटमधला तो 1 अँपिअर अटींसकट आहे: पायाची लांबी 9.5 मिलिमीटर आणि भोवतीची हवा जास्तीत जास्त 75 अंश. पुढं बारीक अक्षरात असतं की कॅपॅसिटर लोड असेल तर करंट 20 टक्के कमी धरा. म्हणजे राहिला 0.8. तुम्ही आधीच काठावर आहात.

शिवाय कॅपॅसिटर सावकाश भरत नाही. व्होल्टेजच्या शिखरापाशी थोडा वेळ मोठा झटका घेतो. त्या झटक्यात करंट सरासरीच्या कितीतरी पट असतो, त्यामुळं ड्रॉप, म्हणजे डायोडमध्येच खर्च होणारं व्होल्टेज, शाळेतला 0.7 न राहता 1 व्होल्टच्या आसपास जातो. एका डायोडमागं 0.7 वॉट धरा. जंक्शनपासून (डायोडच्या आतल्या सिलिकॉनपासून) हवेपर्यंतचा थर्मल रेझिस्टन्स, म्हणजे एका वॉटला किती अंश तापतो ते, कुठली कंपनी वॉटमागं 50 अंश लिहिते, कुठली 100. बारीक ट्रॅकवर मी 100 च धरतो. म्हणजे हवेपेक्षा 70 अंश वर. पॅनेलमधली हवा 75 असेल तर झाले 145, आणि बऱ्याच डेटाशीटमध्ये जंक्शनची मर्यादा 150 आहे. हवा म्हणजे डायोडला टेकलेली हवा बरं का, इचलकरंजीचं हवामान नव्हे. शेजारी ट्रान्सफॉर्मर तापलेला, जाळीत कापसाचे तंतू अडकलेले, दार बंद. टेबलावर हीच हवा 30-35 ची असते, म्हणून तिथं सगळं गोड वाटतं.

त्यात लाइट क्षणभर जाऊन आली तर 4700 चा कॅपॅसिटर दीड अँपिअरवर दशांश सेकंदातच रिकामा होतो आणि पुन्हा भरतानाचा सगळा झटका या तापलेल्या डायोडवर. 30 अँपिअरचा आकडा 8.3 मिलिसेकंदांच्या अर्ध्या सायकलचा, म्हणजे 60 हर्ट्झचा. आपली अर्धी सायकल 10 ची, तेव्हा तोही जरा कमीच समजा.

दोन-दोन 4007 पॅरलल लावायचा सल्ला कोल्हापूरच्या उद्यमनगरात हमखास मिळेल. मला पटत नाही. डायोड तापला की त्याचा ड्रॉप अंशामागं साधारण 2 मिलिव्होल्टनं कमी होतो, म्हणजे जो जास्त तापला तोच आणखी करंट ओढतो. कमी ड्रॉपच्या शॉटकी डायोडचा मोहही नको. त्यातला 5822 फक्त 40 व्होल्टचा, लाइट 230 ची 250 वर गेली की तुमचं शिखर 37, आणि गरम शॉटकीची गळती वेगळीच.

मी असतो तर केबीपीसी 3510 ब्रिज (चारही डायोड एकाच डबीत) उष्णता नेणारी पांढरी पेस्ट लावून पॅनेलच्या पत्र्याला बोल्टनं कसला असता. 35 अँपिअर तुम्हाला नकोत, पण पत्रा फुकटचा हीट सिंक आहे. बोर्डावरच करायचं असेल तर 5408 डायोड: 3 अँपिअर, सर्ज 200. उष्णता बाहेर पडते ती मुख्यतः पायांतून, म्हणून खाली रुंद तांबं असेल तर पाय आखूड ठेवा. ट्रॅक बारीकच असेल तर डायोड बोर्डापासून उचलून बसवा, निदान बोर्ड तरी काळा पडणार नाही. घेताना पायांना चुंबक लावून बघा. चिकटला तर आत लोखंड आहे, आणि लोखंड तांब्याइतकी उष्णता नेत नाही. चिकटला म्हणजे माल नकलीच असं मात्र नाही.

मी इंजिनिअर नाही, कामावर शिकलेला माणूस, त्यामुळं आकडे तुमच्या डायोडच्या डेटाशीटशी ताडून घ्या. हात घालण्याआधी मेन बंद आणि कॅपॅसिटर डिस्चार्ज. ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला (24 व्होल्टच्या बाजूला) फ्यूज नसेल तर तो आधी टाका, कारण डायोड बहुतेक वेळा शॉर्ट होऊनच जातो आणि मग ट्रान्सफॉर्मर जळतो. 5408 चे पाय जाड असतात, 4007 च्या भोकात जाणार नाहीत, 1.5 मिलिमीटरचं ड्रिल मारा. पॅड (भोकाभोवतीचं तांबं) उखडलं तर तांब्याची तार सरळ ट्रॅकवरून ओढून सोल्डर करा. बोर्डाच्या सोल्डर बाजूचा फोटो टाकलात तर ट्रॅक पुरेल का ते सांगतो.