पॉइंट्सचे पैसे कुठून येतात, ते आधी विचारा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कोणत्या मोफत सेवा निर्धास्तपणे वापराव्यात, आणि सर्वेक्षणं, पॉइंट्स, कॅशबॅक यांतून खरंच काही हाती लागतं का, असं तुम्ही विचारलंय. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय की व्हिडिओ लाइक करायचे पैसे देणाऱ्या एका मेसेजिंग ग्रुपमध्ये तुम्ही चार दिवस काम केलंत, थोडे पैसे खात्यात आलेसुद्धा, आणि आता पुढच्या लेव्हलच्या टास्कसाठी आधी रक्कम भरायला सांगताहेत. मी या शेवटच्या गोष्टीपासून सुरुवात करते. बाकीचं उद्या वाचलंत तरी चालेल.

भरू नका. थोडीसुद्धा नाही.

पहिले चार दिवस आलेले पैसे ही तुमची कमाई नव्हती, ते गळाला लावलेलं आमिष होतं. एकदा पैसे खरंच आले की माणसाची शंका विरते. मग प्रीपेड टास्क येतं: थोडे भरा, जास्त परत घ्या. पहिल्यांदा ते परतही मिळतात. त्यानंतर ॲपवर किंवा वेबसाइटवर तुमची शिल्लक वाढताना दिसते, पण तो पडद्यावर छापलेला आकडा असतो, त्यामागे रक्कम नसते. काढायला गेलात की कधी कर भरा, कधी खातं गोठलंय ते सोडवायला फी भरा, कधी तीन टास्कचा संच अर्धवट राहिलाय तो पूर्ण करा. आधी गेलेले पैसे वाचवण्यासाठी माणूस आणखी भरत जातो. ग्रुपमध्ये 'मला आजच मिळाले' म्हणून स्क्रीनशॉट टाकणारे बहुतेक त्यांचेच लोक असतात.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे (ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी संस्थेकडे) २०२० मध्ये अशा टास्क-फसवणुकीची एकही तक्रार नव्हती. २०२३ मध्ये सुमारे ५,००० आल्या, आणि २०२४ च्या फक्त पहिल्या सहा महिन्यांत सुमारे २०,०००. म्हणजे तुम्ही भोळे आहात म्हणून यात सापडलात असं अजिबात नाही. हा धंदाच फार विचार करून रचलेला आहे.

आणखी दोन गोष्टी, ज्या सहसा कोणी सांगत नाही. एक, तुमच्या खात्यात आलेले ते थोडे पैसे दुसऱ्या कुणा फसलेल्या माणसाच्या खात्यातून आलेले असू शकतात. म्हणून 'तुमच्या खात्यावर रक्कम पाठवतो, ती पुढे अमक्याला पाठवा' असं कोणी म्हणालं तर लगेच थांबा, नाहीतर चौकशीत तुमचंच खातं अडकेल. दोन, ग्रुप सोडल्यावर काही दिवसांनी 'तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो' म्हणणारा कोणीतरी संपर्क करेल. तोही बहुधा त्याच टोळीतला असतो. बाहेर पडण्याआधी सगळ्या संभाषणाचे आणि व्यवहारांचे स्क्रीनशॉट घ्या, बँकेला कळवा, सायबर गुन्ह्यांची तक्रार जिथे घेतात तिथे नोंदवा आणि मगच ग्रुप सोडा.

आता बाकीचं.

इतक्या वर्षांत मी एकच कसोटी धरून राहिले आहे. कुठलीही सेवा मोफत मिळत असेल किंवा कुठेही बक्षीस मिळत असेल, तर 'हे पैसे कोण देतंय आणि कशाबद्दल' याचं उत्तर मला एका साध्या वाक्यात लिहिता आलं पाहिजे. बाजार संशोधन करणारी कंपनी माझ्या मताबद्दल पैसे देते, हे वाक्य पुरं होतं. दुकानदार ग्राहक आणून दिल्याबद्दल कमिशन देतो, हेही होतं. 'व्हिडिओ लाइक केल्याबद्दल कोणीतरी देतं', इथे वाक्य अडतं. विकत घेतलेले लाइक मोठ्या व्हिडिओ साइटच्या नियमांत बसत नाहीत, मग त्यासाठी सरळ मार्गाने पैसे कोण देणार?

ही कसोटी जुन्या उदाहरणांनाही लागू पडते. १९९९ मध्ये ऑलॲडव्हांटेज नावाची कंपनी निघाली. पडद्याच्या कडेला जाहिरातींची पट्टी चालू ठेवायची आणि तासाला अर्धा डॉलर मिळवायचा, शिवाय तुम्ही आणलेल्या लोकांच्या तासांवरही हिस्सा. लोक धावले. पण जाहिरातदारांकडून येणारे पैसे सभासदांना द्यायच्या पैशांपेक्षा कमी पडले, आणि २००१ च्या सुरुवातीला कंपनी बंद झाली. बीन्झ आणि फ्लूझ ही इंटरनेटवरची बक्षिसांची चलनंही त्याच वर्षी बुडाली. ज्यांनी पॉइंट्स साठवून ठेवले होते, त्यांच्याकडे नुसते आकडे उरले. म्हणून माझा नियम असा की पैसे काढायची किमान मर्यादा गाठली की त्याच दिवशी पैसे काढून घ्यायचे. पॉइंट्स ही बचत नव्हे, त्यांची किंमत ठरवणारा उद्या ती बदलू शकतो.

सर्वेक्षणांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुम्ही रोज दोन तास त्यात घालवता असं लिहिलंय. मी सहा महिने एका वहीत नोंद ठेवली होती: किती वाजता बसले, किती वाजता उठले, काय मिळालं. सर्वेक्षण सोडवायला लागलेला वेळ मला आधीपासून दिसत होता. वहीमुळे दुसरा वेळ दिसायला लागला, सर्वेक्षण शोधण्याचा आणि अर्ध्यावरून बाहेर काढलं जाण्याचा. आठ-दहा मिनिटं वय, शिक्षण, घरात गाडी कोणती, हे सगळं भरून झाल्यावर 'क्षमस्व, तुम्ही या सर्वेक्षणासाठी पात्र नाही' असं येतं, आणि त्या मिनिटांचं काहीच मिळत नाही. माझ्या वहीत असा वाया गेलेला वेळ जवळजवळ एक तृतीयांश भरला.

मोठ्या प्रमाणावरही हेच दिसलं आहे. अॅमेझॉनचं मेकॅनिकल टर्क हे छोटी छोटी कामं देणारं व्यासपीठ २००५ पासून चालू आहे. (त्याचं नाव १७७० च्या एका बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्रावरून घेतलंय. त्या यंत्राच्या पोटात खरा माणूस लपलेला असे.) २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथल्या २,६७६ कामगारांची सुमारे ३८ लाख कामं तपासली होती. निम्म्या लोकांची कमाई तासाला साधारण दोन डॉलर किंवा त्याहूनही कमी निघाली, आणि सव्वासात डॉलरच्या, म्हणजे अमेरिकेतल्या किमान मजुरीच्या, वर फक्त चार टक्के लोक गेले होते. काम शोधण्यात, अर्धवट सोडलेल्या कामांत आणि नाकारल्या गेलेल्या कामांत गेलेला बिनपैशाचा वेळ मोजला की हिशेब असा खाली येतो.

म्हणून 'सर्वेक्षणातून पगार' हा विचार मनातून काढून टाका. करायचीच असतील तर संशोधनासाठी लोक गोळा करणाऱ्या जागा बघा. प्रोलिफिक (२०१४ पासून) हे त्यातलं मला आवडलेलं नाव. तुमची माहिती ते आधीच प्रोफाइलमध्ये घेतात आणि ज्याला तुम्ही पात्र आहात तेच अभ्यास दाखवतात. संशोधकांवर किमान मोबदल्याचं बंधनही आहे. नोंदणीसाठी प्रतीक्षायादी असते आणि सगळ्याच देशांत प्रवेश मिळत नाही, पण वाट बघण्यासारखी जागा आहे. तिथे उत्तरं मन लावून द्या. मध्येच 'या प्रश्नाला तिसरा पर्याय निवडा' असे लक्ष तपासणारे प्रश्न असतात, ते चुकले तर काम नाकारलं जातं. गूगल ओपिनियन रिवॉर्ड्स (२०१३) वेगळ्या जातीचं आहे: दोन-चार प्रश्न, अर्धं मिनिट, आणि अँड्रॉइडवर त्याबदल्यात प्ले स्टोअरचं क्रेडिट. रोख नाही आणि क्रेडिट वर्षभरात संपतं, पण वेळ जात नाही म्हणून मी ते ठेवलंय. मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचंही तसंच. २०१० मध्ये बिंग रिवॉर्ड्स म्हणून सुरू झालं. तुम्ही एरवीही जे शोधणार, त्याचेच पॉइंट्स मिळतात. फक्त आपोआप शोध मारणाऱ्या स्क्रिप्ट वापरू नका, खातं जातं आणि पॉइंट्सही जातात.

खातं जाण्यावरून माझा एक अनुभव सांगते, अजून आठवलं की वाईट वाटतं. एका सर्वेक्षण साइटवर मी चार महिने घालवून पैसे काढायच्या मर्यादेपर्यंत पोचले. मागणी नोंदवली आणि दुसऱ्या दिवशी 'नियमभंग' म्हणून खातं बंद. कोणता नियम, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. नंतर अटी नीट वाचल्या तेव्हा सापडलं की एका घरातून, म्हणजे एका इंटरनेट जोडणीवरून, एकच खातं चालतं, आणि माझ्या बहिणीनेही तिथे नाव नोंदवलं होतं. म्हणून तुम्ही कुठेही वेळ घालण्याआधी तीन ओळी शोधा: काढायची किमान मर्यादा किती, पॉइंट्स किती दिवसांनी संपतात, आणि घरात किती खाती चालतात. मर्यादा इतकी उंच असेल की पोचायला महिने लागतील, तर ती साइट बहुतेकांना तिथवर पोचूच देत नाही असं समजा.

कॅशबॅक मी वापरते, पण जे घ्यायचंच आहे त्याच्यावरच. इथे पैसे दुकानदाराच्या कमिशनमधून येतात. तुम्ही कॅशबॅकच्या लिंकवरून गेलात की ब्राउझरमध्ये एक कुकी, म्हणजे तुम्ही कुठून आलात याची छोटी नोंद, बसते, खरेदीचं श्रेय ती लिंक देणाऱ्याला जातं आणि तो त्यातला वाटा तुम्हाला देतो. हे कळलं की दोन कोडी सुटतात. वस्तू परत करण्याची मुदत उलटेपर्यंत रक्कम 'प्रलंबित' का दिसते, तर कमिशनच पक्कं झालेलं नसतं. आणि कधी कधी कॅशबॅक नोंदलाच का जात नाही, तर मध्ये दुसऱ्या कूपनवर क्लिक केलेलं असतं किंवा ब्राउझरला जोडलेल्या, जाहिरात रोखणाऱ्या एक्स्टेंशनने कुकी अडवलेली असते.

एका प्रकारापासून मात्र लांब राहा: 'आमचं ॲप नुसतं चालू ठेवा, पैसे मिळतील'. २०१९ च्या जानेवारीत उघड झालं की फेसबुक १३ ते ३५ वयाच्या लोकांना महिन्याला २० डॉलरपर्यंत देऊन एक ॲप बसवायला लावत होतं आणि त्यातून फोनवरची जवळजवळ सगळी हालचाल त्यांना दिसू शकत होती. मोफत व्हीपीएन (तुमची जोडणी दुसरीकडून वळवून नेणारी सेवा) म्हणून मिरवणाऱ्या होलाबद्दल २०१५ मध्ये कळलं की वापरणाऱ्यांच्याच इंटरनेट जोडण्या दुसऱ्यांना विकल्या जात होत्या. न वापरलेलं इंटरनेट विका म्हणणारी आजची ॲप्स याच वाटेवरची. तुमच्या जोडणीवरून कोणी अनोळखी माणूस काय करतोय ते तुम्हाला दिसत नाही, आणि इंटरनेटवरचा पत्ता मात्र तुमचा नोंदला जातो. अव्हास्टचं उदाहरण तर संरक्षणाच्या नावाखालचं आहे. मोफत अँटिव्हायरसमधून गोळा केलेली ब्राउझिंगची माहिती विकल्याबद्दल २०२४ मध्ये त्यांना एक कोटी ६५ लाख डॉलर भरावे लागले.

मोफत सेवांत मनापासून भरवशाच्या म्हणाव्यात अशा बऱ्याच आहेत, आणि बहुतेकांच्या मागे देणग्यांवर चालणारी संस्था किंवा मुक्त सॉफ्टवेअरवाली मंडळी आहेत. लिहायला लिब्रेऑफिस, बघायला-ऐकायला व्हीएलसी, पुस्तकांसाठी १९७१ पासूनचं प्रोजेक्ट गुटेनबर्ग, जुन्या वेबपानांसाठी इंटरनेट आर्काइव्ह. स्वतःची साइट काढलीत तर लेट्स एन्क्रिप्टचं सुरक्षा प्रमाणपत्र फुकट मिळतं, त्यासाठी कोणालाही पैसे देऊ नका. ब्लेंडर या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरची गोष्ट मला फार आवडते. २००२ मध्ये ते सॉफ्टवेअर मालकांकडून सोडवून सर्वांसाठी खुलं करायला एक लाख युरो हवे होते, आणि लोकांनी ते सात आठवड्यांत जमवले. तुमच्या मुलीला ॲनिमेशन शिकायचंय असं लिहिलंत ना, तिला हेच द्या. हे कौशल्य हाती आलं तर सर्वेक्षणांपेक्षा कितीतरी जास्त मिळवून देईल.

कार्ड नंबर घेऊन दिलेली 'मोफत चाचणी' घेतलीत तर त्याच दिवशी रद्द करून टाका. बऱ्याच ठिकाणी उरलेले दिवस तरीही वापरता येतात. आणि बक्षिसांच्या सगळ्या नोंदण्यांसाठी एक वेगळा ईमेल ठेवा, बँकेशी जोडलेला नको.

मोफत साठवणुकीबद्दलही लिहिते, कारण सगळे फोटो एकाच मोफत खात्यात आहेत असं तुम्ही म्हणता. ड्रॉपबॉक्सवर २ जीबी मिळतात आणि कोणाला आणलंत तर दर माणशी ५०० एमबी, एकूण १६ जीबीपर्यंत. हे बक्षीस खरं आहे, मी घेतलंय. गूगलवर १५ जीबी, पण त्यात मेल, ड्राइव्ह आणि फोटो तिन्ही आले. फोटोंसाठीची अमर्याद मोफत जागा १ जून २०२१ ला बंद झाली, आणि दोन वर्षं न उघडलेलं वैयक्तिक खातं ते पुसू शकतात. तुमच्या आईचं जे जुनं खातं आहे, ज्यात तुमच्या लहानपणचे फोटो आहेत, ते आज उघडा, गूगलच्या 'टेकआउट' या सोयीतून सगळं उतरवून घ्या आणि एका वेगळ्या डिस्कवर ठेवा. पासवर्ड आठवत नसेल तर इथे लिहा, खातं परत मिळवायची पद्धत मी पायरी-पायरीने सांगते. पासवर्ड किंवा ईमेल मात्र इथे टाकू नका.